कड्यांच्या गावाला जाऊ या!

मित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलात की रात्री जेवणं आटोपून अंगणात या. उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षी दिसले ना? त्यांच्या शेपटीच्या वर, डोक्याच्या बाजूला श्यामशबल हा छोटा तारकासमूह आहे. तिथेच आपल्याला जायचंय. गावाचं नाव 'एम ९४' दीर्घिका. अंतर फक्त १ कोटी ६० लाख प्रकाशवर्षं!

सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हताच. तो आत्ता पोचतोय, बरं का!

नुसत्या डोळ्यांनी हे गाव दिसत नाही. छोट्या दुर्बिणीतून दिसतो तो एक फिकट, गोल ठिपका. "एवढंच?" म्हणून हिरमुसू नका. १७८१ साली पिएर मेशां यांनी ही दीर्घिका शोधली, तेव्हा त्यांनाही ती अशीच अंधूक दिसली होती.

आता मोठ्या दुर्बिणीच्या वाहनातून जवळ जाऊ. मधोमध पिवळसर प्रकाश आहे. ही म्हाताऱ्या ताऱ्यांची वस्ती. तिच्याभोवती झगमगणारं निळसर कडं. दीर्घिकेचा मधला भाग किंचित लंबगोल आहे. तो फिरताना वायू ढकलला जातो आणि या कड्यात साठतो. त्यातून भराभर नवे तारे जन्मतात. तरुण, तापलेले तारे निळे दिसतात.

त्यापलीकडे शांत तबकडी आणि अगदी वेशीवर आणखी एक पुसट कडं. निदान सगळे तसं समजत होते! २००९ साली शास्त्रज्ञांनी अतिनील आणि अवरक्त किरणांतली चित्रं तपासली आणि काय गंमत! ते कडं नव्हतंच. ते होते घट्ट गुंडाळलेले सर्पिल बाहू. लांबून जिलबीही गोल चकतीच वाटते ना, तसंच. शिवाय जो भाग निवांत वाटत होता, तिथे या दीर्घिकेतले सुमारे १० टक्के नवे तारे जन्मत होते.

म्हणजे आतलं कडं खरं, बाहेरचं मात्र आपल्या नजरेनं जोडलेलं. म्हणून एकदा पाहिलेलं पुन्हा, वेगळ्या तऱ्हेनं पाहावं.

तर मग आज आई-बाबांना अंगणातला दिवा मालवायला सांगा. डोळे अंधाराला वीसेक मिनिटं सरावू द्या आणि सप्तर्षींपासून सुरुवात करा!