विहिरीचे तपेले

खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. नाना १८०० साली गेले. पण आमच्या खालापूर-कर्जतच्या बाजूला कुठे काळ्या दगडाचे जोते दिसले, की लोक ते अजून नानांच्याच खात्यावर मांडून मोकळे होतात.

आमचा वाडाही त्यातून सुटला नाही. वास्तविक तो पणजोबांनी भाताच्या व्यापारावर उभा केलेला. तरी माजघराखाली भुयार असून ते थेट पुण्याला निघते, असे गाव म्हणे. मी आणि धाकटा भाऊ कंदील घेऊन ते शोधीत असू. सापडले ते धान्याचे पेव!

दुसरी गोष्ट विहिरीची. दिवाळीत चकल्या पाडता पाडता आजी ती सांगे. घरात लग्न निघाले, की आदल्या संध्याकाळी विहिरीला हळदकुंकू वाहून भांडी मागायची. पहाटे ती काठावर मांडलेली असत. कार्य आटोपले, की घासून परत. पुढे कुणा एकाने तपेले ठेवून घेतले आणि भांडी यायची थांबली. अशी कथा महाराष्ट्रात कितीतरी तळ्यांची सांगतात, हे मला मोठेपणी कळले. आजी मात्र 'कुणा एकाने' म्हणताना जरा अडखळे.

यंदा मे महिन्यात वाडा विकला. भिंत खचलेली, खांबांना वाळवी, हिस्सेदार सोळा. दोष कुणाला द्यायचा? घेणाऱ्यांना तिथे फार्महाऊस बांधायचे आहे.

माळा रिकामा करताना भांडी निघाली. सगळ्यांवर पणजोबांचे नाव घातलेले, अगदी पळीवरसुद्धा. एका तांब्याच्या तपेल्यावर मात्र काहीच नव्हते. मी ते दोनदा फिरवून पाहिले.

"दादा, हे मोडीत घालायचं?" भावाने विचारले, पण हात काही पुढे केला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ते चिंच-मीठ लावून घासले आणि विहिरीच्या काठावर ठेवून आलो. पन्नाशी उलटलेली माणसे आम्ही! वाटेत एकमेकांशी बोललो नाही.

सकाळी किल्ल्या द्यायला गेलो, तो तपेले तिथेच. नव्या मालकीणबाई त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या.

"हे तुमचं विसरलं वाटतं?"

"आमचं नाही," भाऊ म्हणाला, "विहिरीचं आहे."