चित्र गेलं, मशीन चालू आहे

अपडेटनंतर डिस्प्ले गेलेलं मशीन घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदान घरूनच करून आलेला असतो. ‘हार्डडिस्क उडाली’ नाहीतर ‘व्हायरस शिरला’. पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘भाऊ, फॉर्मॅट मारून द्या, पण फोटो आणि फायली राहिल्या पाहिजेत.’ मी काही न बोलता आधी कॅप्स लॉकची कळ दाबतो. बारीक दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, की समजायचं आत सगळं जागं आहे. कळ दाबल्याची खबर कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, पोचते आहे आणि तो दिवा लावून उत्तर देतो आहे. फक्त आपल्याला काही दिसत नाही, एवढंच.

मग मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरतो. आत अंधूक खिडक्या, आयकॉन दिसले तर बॅकलाइट गेलाय. अपडेटच्याच दिवशी गेला हा योगायोग, अपडेटवर त्याचं खापर फोडू नये. डेस्कटॉप असेल तर केबल मागच्या कोणत्या पोर्टात आहे ते पाहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना मॉनिटर मदरबोर्डला जोडलेला सापडणं ही नेहमीची गोष्ट. आमच्या धंद्यात आणखी एक परंपरा आहे, रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासायचे. हसू नका, आमच्या भागातल्या धुळीत त्याने बरीच मशीनं खरोखर चालू होतात. पण सुरुवातीचा लोगो दिसून मग काळोख झाला असेल तर रॅमला हात लावायचं कारण नाही. रॅम बिघडली असती तर बहुधा लोगोच दिसला नसता.

माझं दुकान हसनाबादला, भोकरदन तालुक्यातल्या गावात. सुट्या भागासाठी जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, त्यामुळे भाग बदलण्याआधी डोकं चालवण्याची सवय इथे आपोआप लागते. शहरात बदलून पाहतात, आम्ही वाचून पाहतो.

वाचायचं काय, हे कळायला रांग माहीत हवी. लोगो दिसतो तो फर्मवेअरच्या जिवावर. त्यानंतर कर्नल उठतो, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मग खिडक्या मांडणारा डिस्प्ले सर्व्हर, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा. चित्र शेवटी येतं आणि गडबड झाली की सगळ्यात आधी तेच जातं. लिनक्सवर अपडेटने कर्नल बदलला की खरी मेख ड्रायव्हरपाशी असते. काही कार्डांचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, बाहेरून येतो. तो कर्नलच्या मापाने शिवलेला कपडा. माप बदललं की उसवून पुन्हा शिवावा लागतो. हे शिवणकाम आपोआप व्हावं म्हणून डेल कंपनीतल्या लोकांनी २००३ साली डीकेएमएस नावाची सोय केली. नवा कर्नल आला की ती मागच्या मागे ड्रायव्हर नव्याने बांधते. चालते तेव्हा तिची कोणाला आठवणही येत नाही. कार्ड बनवणाऱ्या काही कंपन्या आणि लिनक्सवाले यांचं मात्र फारसं जमलेलं नव्हतं. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्या कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलला चिकटणारा भाग सर्वांसाठी खुला केला. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे.

आमच्याकडे मात्र डीकेएमएसला वेगळेच शत्रू आहेत. एक लाईट, दुसरा मोबाईलचा डेटा. अपडेट अर्ध्यावर आलेलं, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, आणि लाईट जाते. नवा कर्नल जागेवर बसलेला असतो, ड्रायव्हर बांधायचा राहिलेला असतो. किंवा हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा संपतो आणि कर्नल उतरतो पण त्याचे हेडर उतरत नाहीत. हेडरशिवाय ड्रायव्हर बांधता येत नाही. अशा वेळी उपाय सोपा असतो. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणायचा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडायचा. लिनक्स जुना कर्नल लगेच फेकून देत नाही, हा त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण. जुन्यावर चित्र आलं की राहिलेलं काम पुरं करायचं, आणि मगच नव्याकडे जायचं.

अवघड मशीन आणलं होतं ते एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ घ्यायला त्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर जुना पडत होता, म्हणून पुतण्याने त्यावर लिनक्स टाकून दिलेलं. ते छान चालू होतं. मग मोठं अपडेट आलं, गुरुजींनी हो म्हटलं, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर काळा पडदा. आधी दुसऱ्या एकाने फॉर्मॅट सुचवलेलं. आत शाळेची सगळी कागदपत्रं, म्हणून गुरुजी तयार नव्हते. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबल्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं.

‘हे काय, डॉस?’ गुरुजी म्हणाले. त्यांच्या वयाच्या माणसाला तेच आठवणार.

पासवर्ड त्यांनीच टाकला. मी कागदपत्रांच्या फोल्डरची यादी काढली. पडद्यावर नावांच्या जागी चौकटीच चौकटी उमटल्या, मधूनमधून एखादा इंग्रजी आकडा. गुरुजी खुर्चीवरून उठलेच.

‘माझी नावं कुठं गेली? निकालपत्रक होतं, हजेरी होती...’

‘जागेवर आहेत गुरुजी. इथं मराठी दिसत नाही, एवढंच.’

हे त्यांना खोटं वाटलं असणार. एरवीच्या पडद्यावर अख्खं निकालपत्रक मराठीत दिसतं, आणि त्याच मशीनला इथे एक ‘ह’ काढता येत नाही? पण खरं तसंच आहे. लिनक्सच्या या साध्या अक्षरी पडद्याला एका वेळी फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात, आणि प्रत्येक अक्षर एकेका ठरावीक चौकटीत बसवायचं असतं. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्याकडे ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’च्या नंतर आणि दिसायला हवी आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर उडी मारतो, ‘त’ आणि ‘र’ मिळून तिसरंच रूप होतं. ही सगळी जुळवाजुळव करणारी यंत्रणा फॉन्टसकट ग्राफिक्सच्या बाजूला राहते. म्हणजे इंग्रजीत काम करणाऱ्याचं चित्र गेलं तर फक्त खिडक्या जातात. मराठीत काम करणाऱ्याची अक्षरंही त्यांच्याबरोबर जातात. गुरुजी घाबरले ते उगाच नाही. दुरुस्ती करणारा ज्याला ‘डेटा सुरक्षित आहे’ म्हणतो, ते त्यांना डोळ्यांनी खरं करून घेता येत नव्हतं.

हा प्रश्न जुना आहे, आणि एकदा तो फार धीटपणे सोडवला गेला होता. डॉसच्या काळात पडद्यावर २५६ चिन्हांपलीकडे जागा नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या सहभागाने झालेलं काम १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे आलं, आणि त्यातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. पीसीच्या पोटात हे कार्ड बसवलं की डीबेससारख्या फक्त इंग्रजी जाणणाऱ्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसू लागे. प्रोग्रॅमला पत्ताही नसे. अक्षरं कार्ड स्वतः काढी. कळफलकाचा इनस्क्रिप्ट आराखडा आणि इस्की हे अक्षरांचं मानक त्याच खटाटोपातले, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच आली. आपण आज मोबाईलवर मराठी टाईप करतो त्याच्या तळाशी हे आहे. तसलं कार्ड आज गुरुजींच्या लॅपटॉपात असतं तर काळ्या पडद्यावर त्यांची हजेरी त्यांना वाचता आली असती, असं मला त्या दुपारी वाटून गेलं. तीस-पस्तीस वर्षांत एवढी एक गोष्ट आपण मागे टाकली.

असो. मी पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फायली त्यावर घेतल्या. नावं टाईप करता येत नव्हती, गरजही नव्हती. ताऱ्याची खूण सगळ्या नावांना चालते. पेनड्राइव्ह दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावून ‘निकालपत्रक’ उघडून दाखवलं. पोरांची नावं, गुण, शेरे. गुरुजींनी पार शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं, मग चहा सांगितला.

आता वाचनाला सवड होती. डिस्प्ले सर्व्हरच्या नोंदींत चुकीच्या ओळीआधी कंसात दोन ‘ई’ असतात. बाकीच्या शेकडो ओळी सोडून फक्त त्याच पाहायच्या. तिथे होतं, ‘नो स्क्रीन्स फाउंड’. हे फक्त लक्षण आहे, कारण नव्हे. कार्डचा ड्रायव्हर बांधलेला आहे का पाहिलं, तर होता. नव्या कर्नलसाठीच होता. मग हाताने तो चढवून पाहिला, आणि मशीनने खरं ते सांगितलं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

मी गुरुजींना विचारलं, ‘अपडेटच्या वेळी मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता का? आणि मशीन परत चालू होताना निळा पडदा?’

‘आला होता की. कोणतीही कळ दाबा म्हणत होता, आकडे उलटे मोजत होता. मी हात नाही लावला. आजकाल कुठली कळ दाबली की खातं रिकामं होतं, पेपरात रोज येतंय.’

वाईट वाटावं इतकं बरोबर वागणं होतं ते. सिक्युअर बूट चालू असलेलं मशीन सहीशिवायचा ड्रायव्हर आत घेत नाही. मशीन आपली एक सही तयार करतं, पण ती खरीच मालकाने मान्य केली आहे याची खात्री करायला फर्मवेअरच्या बाजूने तो निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. समोर बसलेल्या माणसानेच ती कळ दाबावी, दूर बसलेल्या चोराला दाबता येऊ नये, म्हणून ही व्यवस्था. आणि चोराच्या भीतीनेच समोरच्या माणसाने कळ दाबली नाही. मी सही पुन्हा नोंदवायला लावली, नवा पासवर्ड गुरुजींकडूनच ठरवून घेतला, मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला. ‘आता दाबा,’ म्हटलं. त्यांनी दाबली. ‘एनरोल’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर ते पुन्हा थांबले असते.

विंडोजवाल्यांनी हे वाचून खूष होऊ नये. तिथेही अपडेट ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतं आणि पडदा काळा होतो, नाहीतर अक्षरं ढोबळ होऊन बसतात. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून ग्राफिक्स झटकून पाहावं. नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर मागे न्यावा. आणि १९ जुलै २०२४ विसरून कसं चालेल? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण बऱ्याच ठिकाणी त्यासाठी माणसाला एकेका मशीनपाशी जाऊनच बसावं लागलं. तेवढ्या दिवसांपुरता जगभरच्या आयटीवाल्यांचा धंदा आणि माझा धंदा एकच झाला होता.

फॉर्मॅटचा मला राग का येतो हे आता कळेल. फॉर्मॅटने पडदा परत येतो, नाकारत नाही. पण त्याने काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तेच मशीन त्याच जागी येऊन थांबतं. शिवाय फॉर्मॅटचा दर गावात सगळ्यांना पाठ आहे. त्यात घासाघीस होते, पण वाद होत नाही. मी केलेल्या कामात भाग बदलला नाही, सीडी घातली नाही, काही पुसलं नाही. गुरुजींनी पाकीट काढलं आणि विचारलं, ‘मग याचे किती? तुम्ही तर नुसतं वाचलंत.’ मी फॉर्मॅटइतकेच सांगितले. त्यांनी ते दिले, आणि निळ्या पडद्यावर कोणत्या ओळीला काय दाबायचं ते वहीत मराठीतून लिहून मागितलं. शाळेत अजून दोघांनी लिनक्स टाकून घेतलंय म्हणे.