पाठीवरचा शिक्का

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन पिस्तुलाचं चामडी होल्स्टर पुढून पाहण्यात फार अर्थ नाही. ते उलटं करा. पाठीवर तीन गोष्टी दाबून उमटवलेल्या सापडतात. पी 08 किंवा पी 38, म्हणजे आत कोणतं पिस्तूल बसतं ते. कारखान्याची खूण आणि साल. आणि एक चिमुकला गरुड, खाली डब्ल्यूएए ही अक्षरं व आकडा: लष्करी तपासनिसाने माल पास केल्याची मोहोर.

सुरुवातीला कारखान्याची खूण म्हणजे सरळ नाव-गाव असायचं. कार्ल बुसे, माइन्झ. 1940-41च्या सुमारास नावं जाऊन तीन अक्षरी संकेत येऊ लागले. बुसे झाला जे-के-एच, नॉय-उल्मचा हान्स र्योमर झाला बी-एम-एल. कुठल्या गावात काय बनतं हे शत्रूला कळू नये, एवढाच हेतू. म्हणून 1937 सालाशेजारी तीन अक्षरी संकेत दिसला, तर तो शिक्का मागाहून मारलाय असं समजावं.

जर्मनीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने जुन्या बाजारातल्या अशाच एका होल्स्टरचे फोटो पाठवले. "मामू, असली आहे का?" संकेत, साल जुळत होतं. तरी मी ठशाची कड पाहिली. अब्बा धारावीत पाकिटं शिवायचे, त्यांच्याकडून एवढं कळलंय: चामडं ओलसर असताना मारलेला ठसा खोल बसतो, वाळलेल्या जुन्या चामड्यावर तो उथळ राहतो. हा खोल होता.

अब्बांच्या पाकिटांवर ठसा शेठचा असे. अब्बांचं नाव कधीच नाही. मग त्या तीन अक्षरांमागे तरी कुणाचं नाव होतं? मालकाचं. 1944 मध्ये जर्मनीत परदेशी कामगार आणि युद्धकैदी मिळून सत्तर लाखांहून जास्त माणसं राबत होती, बहुतेक बळजबरीने आणलेली. हे होल्स्टर त्यांच्यापैकी कुणी शिवलं का, ते कोणताच शिक्का सांगत नाही. संग्राहकांच्या यादीत तर तो प्रश्नही नसतो. त्यांना दुर्मिळ संकेत हवा, म्हणजे किंमत चढते.

भाच्याला लिहिलं, "शिक्का असली दिसतो. घेणार असशील तर शिवणीचा जवळून फोटो पाठव." त्याने रात्री पाठवला. टाके एकसारखे, जवळजवळ. एका कोपऱ्यात मात्र दोरा संपून नवा जोडलेला.