रविवारी काय करायचं?

माझा दादा एकोणचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. गेल्या वाढदिवसाला त्याला तीन भेटी आल्या: रंगीत खडू, चित्र रंगवायचं पुस्तक आणि एक टेडी. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला टेडी! त्याने तो मुकाट्याने कपाटावर ठेवला.

विशेष शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास संपते. मग कार्यशाळा. तिथे चारपर्यंत पाकिटं आणि पणत्या, नंतर घर, टीव्ही. "आईबाबांनंतर कोण?" हा प्रश्न नातेवाईक विचारतात, आणि तो खराच आहे. पण तो इतका मोठा आहे की या रविवारी काय, हे कुणी विचारतच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षण आणि नोकरीबरोबर संस्कृती आणि मनोरंजनाचं कलमही आहे. एकोणतिसावं. आमच्या घरी ते कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपासून महिन्यातून एक रविवार मी दादा आणि त्याच्या कार्यशाळेतल्या चौघांना बाहेर नेते. सोबत आणखी एक मैत्रीण असते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे विचारणं. "सारसबाग की मेट्रो?" म्हटलं की दादा म्हणतो, "मेट्रो." "मेट्रो की सारसबाग?" म्हटलं की, "सारसबाग." शेवटी ऐकलेलं उत्तर तो परत देतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्यामुळे मी मोबाइलवर दोन फोटो दाखवते, थोड्या वेळाने जागा बदलून पुन्हा दाखवते. दोन्ही वेळा बोट एकाच फोटोवर गेलं, तर ती निवड. आमच्यातला एक जण बोलत नाही. त्याचे खांदे बघायचे. गोंगाट वाढला की ते कानांकडे चढतात, मग निघायचं.

जागा मी आधी एकटी बघून येते. स्वच्छतागृह कुठे, लिफ्ट चालू आहे का, गर्दी कधी कमी. वनाझहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून जमिनीखालच्या फलाटावर जायचं असेल, तर सरकते जिने लांबलचक आहेत, आणि एका ताईला त्यांची भीती वाटते. तिच्यासाठी लिफ्ट. क्रमाचे चार फोटो प्रत्येकाच्या खिशात: तिकीट, मेट्रो, इडली, घर. "मग काय?" हा प्रश्न छळायला लागला की खिसा चाचपायचा.

हॉटेलात वेटर मलाच विचारतो, "यांना काय देऊ?" मी मेन्यूकार्डात डोकं घालून बसते. मग नाइलाजाने तो दादाला विचारतो. दादा दर वेळी "इडली, सांबार वेगळं" सांगतो, आणि दर वेळी जरा ताठ बसतो.

दादाचा सगळ्यात आवडता कार्यक्रम मात्र स्वारगेटला बसून एसट्या बघणं. फलाटावरच्या पाट्या वाचायच्या, गाडी सुटली की हात करायचा. तास, दीड तास. "यातून तो शिकतो काय?" एका पालकांनी विचारलं. आपण रात्री एकपर्यंत रील्स बघतो, तेव्हा आपली सूक्ष्म कारक कौशल्यं किती सुधारली, असं कुणी विचारतं का? मजा ही मोठ्या माणसालाही फुकट मिळायला हवी, शिकण्याच्या बदल्यात नाही.

सध्याची अडचण वेगळीच आहे. आमच्यातल्या दोघांना मेट्रोत शेजारी बसायचं असतं. हात हातात घेतात, बाकी काही नाही. त्यातल्या तिच्या आईला हे कळलं. "त्यांना वेगळं बसवत जा," त्या म्हणाल्या. काकूंची भीती मला समजते. मुलीची काळजी त्या तीस वर्षं एकट्याने वाहतायत. पण "वेगळं बसवणार नाही, लक्ष मात्र ठेवीन," असं मी त्यांना सांगितलं. लपवून नेणं मला जमलं नसतं.

त्यानंतर गेल्या रविवारी ती आली नाही. तो वनाझला गाडीत बसला आणि शेजारच्या सीटवर त्याने पाण्याची बाटली ठेवली. कुणी बसायला आलं की, "आहे इथे," म्हणायचा. मी काकूंना पुढच्या वेळी स्वतःच सोबत चला म्हटलंय. अजून हो म्हणाल्या नाहीत, पण कुठून, किती वाजता, एवढं विचारून घेतलंय.