एक खिळा

घरमालक काकांच्या फ्लॅटमध्ये आम्ही २०१३ साली राहायला गेलो, तेव्हा कागदावर नसलेली एक अट त्यांनी तोंडी घातली होती: भिंतीला खिळा मारायचा नाही. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतली तीनमजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, भाडं साडेअकरा हजार. काका-काकू खालच्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या अमेरिकेतल्या मुलासाठी घेऊन ठेवलेल्या वरच्या फ्लॅटमध्ये. ‘कालनिर्णय’ मी ओट्यावरच्या कपाटाच्या मुठीला सुतळीने बांधलं. दार उघडलं की अख्खा महिना गर्रकन फिरायचा, आणि दुधाचे खाडे लिहिताना एका हाताने दार धरून ठेवावं लागायचं.

त्याआधी मुलाखत झाली होती. ‘मूळच्या कुठल्या?’ लातूरच्या. ‘आडनावावरून लक्षात येत नाही हो...’ हे वाक्य कोथरूडमध्ये कुणी पूर्ण करत नाही, आणि ते अर्ध्यावर ठेवण्यातच सभ्यता आहे अशी समजूत आहे. मी ते पूर्ण केलं. मग अंडं घरात करता की बाहेर खाता, हा प्रश्न. त्याआधीच्या पंधरा दिवसांत चार घरं याच प्रश्नांवर हुकली होती, त्यामुळे मी खोटं बोलले. काकूंना पहिल्याच रविवारी वासावरून कळलं असणार. त्या काहीच बोलल्या नाहीत.

दर अकरा महिन्यांनी करार. वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, ती टाळायला ही अकराची शक्कल निघाली. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून भाडेनियंत्रणाचा नवा कायदा लागू आहे आणि त्यात अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो, तोही मालकाने. शक्कल निकामी झाली, आकडा राहिला. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण कागदाचं नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’. लायसन्स म्हणजे, १८८२ च्या कायद्याप्रमाणे, जे केलं तर एरवी गैर ठरेल ते करायची परवानगी. थोडक्यात, माझं त्या घरात असणं मुळात घुसखोरी, आणि काकांनी ती अकरा महिने चालवून घेतलेली. मुदतीनंतर हटलं नाही तर दुप्पट दराने भरपाई. हे वाचल्यावर काही दिवस मी स्वयंपाकघरातही पाहुण्यासारखी वावरत होते.

काकांची भीती मात्र खोटी नव्हती. त्यांचे वडील नारायण पेठेतल्या वाड्यात भाडेकरू. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडं जिथल्या तिथे गोठलं, मालकाला त्यात कौलं बदलणं परवडेना आणि भाडेकरूला निघणं. दोघंही एकाच गळक्या छपराखाली एकमेकांना शाप देत राहिले. मग १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि वाड्याचं भांडण नदीनेच मिटवलं. काका तेव्हा सात वर्षांचे. काही वर्षं नातेवाइकांकडे काढून कुटुंब कोथरूडला आलं. तेव्हा इथे मृत्युंजयेश्वराचं देऊळ आणि बाकी शेतं. पुढे हेच कोथरूड आशियातलं सर्वांत वेगाने वाढणारं उपनगर म्हणून मिरवायला लागलं. काका तो दावा हिंदकेसरीच्या गदेसारखा खांद्यावर घेऊन फिरत.

२०२४ मध्ये आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर काकांना दोन्ही फ्लॅटचं भाडं देणार होता, सामान हलवायचे पैसे देणार होता, दलालीसुद्धा. मला काही नाही; परवानगी संपली, एवढंच. यात कुणाची लबाडी नाही, हिशेब सरळ आहे. तरी माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू.

एकट्या आमच्या गल्लीत तेव्हा तीन इमारती रिकाम्या होत होत्या. सगळ्यांना घर हवं ते इथेच. नातवंडांची शाळा, गुडघ्याचे डॉक्टर, उधार देणारा वाणी, यातलं कुणी सोडवत नाही. आणि पैसे बिल्डरचे, म्हणून घासाघीस कमी. मी एकवीस हजार देत होते. त्याच मापाच्या घराला आता तीस सांगत होते. त्यात ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाल्यापासून प्रत्येक घर ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’. एजंटची मिनिटं वेगळी असतात.

असंच एक घर बघायला गेले, तर जिन्यात काका-काकू. तेही तेच घर बघायला. मालक तिशीतला, त्याने आधी काकांना विचारलं, ‘वय किती? वर चढता येईल ना? मुलं कुठे असतात? भाडं वेळेवर येईल?’ काका शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी भुसारी कॉलनीत सत्तावीस हजारांचं घर घेतलं. आधी पाहिलेलं ते घर काकांना मिळालं.

करार करायच्या संध्याकाळी काकूंचा फोन आला, ‘तू ये गं, तुला यातलं कळतं.’ अकरा वर्षांच्या भाडेकरूपणाची पदवीच ती. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता. तीस हजार भाडं, लाख डिपॉझिट. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं व्याज, त्यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे साधारण साडेआठशे, शिवाय नोंदणीचे हजार. काकांचा अंगठा पटकन लागला. काकूंचा लागेना. पन्नास वर्षं भांडी घासून रेषाच पुसट झालेल्या. ओल्या फडक्याने पुसलं, पदराला घासलं, दुसरं बोट, तिसरं बोट. सहाव्या खेपेला मशीनवर हिरवा दिवा लागला, तेव्हा काकू परीक्षेत पास झाल्यासारख्या हसल्या.

‘काका, भिंतीला खिळा नाही मारायचा हं,’ मुलगा वायर गुंडाळत म्हणाला. ‘नंतर रंगाचे पैसे कापतात.’

काका हातात कॅलेंडर घेऊन भिंतीपाशीच उभे होते. ते स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरच्या कपाटाची मूठ ओढून पाहिली.

‘तुम्ही कशाने बांधायचात?’ त्यांनी आतून विचारलं. ‘नाडीने?’

‘सुतळीने,’ मी म्हटलं. ‘नाडी निसटते.’