हातावर पोट असलेलं रान

पत्र पहिलं
कुचिंग, सारावाक (बोर्निओ)

ती. आप्पांस, सा. न. वि. वि.

विषुववृत्ताजवळचं रान म्हटलं की आपल्यासमोर सुबत्ता उभी राहते: फळांनी लगडलेली झाडं, बारमाही चारा, खाऊन सुस्तावलेली जनावरं. बोर्निओपुरतं तरी हे चित्र मला खोटं वाटतं. हे रान भुकेलं आहे, आणि त्यातली बरीचशी नवलं या भुकेपोटीच जन्मली आहेत. भुकेचं कारण पाऊस. कुचिंगला तो वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढे जमिनीला उसंत मिळते. इथे कोरडा म्हणावा असा महिना नाही आणि सरासरी तापमान वर्षभर २६-२७ अंशांच्या आसपास. या उष्ण ओलीत गळलेलं पान बघता बघता कुजतं आणि मोकळे झालेले क्षार पावसाबरोबर नदीला लागतात. लाखो वर्षं हेच चालल्यावर डोंगरउतारांवर उरते ती धुऊन निघालेली पिवळी-तांबडी माती. म्हणून झाडांची अन्न शोषणारी मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरतात, आणि त्यांना जोडलेल्या बुरशीचे तंतू पाचोळ्यातला फॉस्फरस परस्पर उचलतात. जे पडेल ते लगेच वेचायचं. जमिनीत शिल्लक टाकायची सोय नाही.

पुरावा जनावरांकडे मागितला तरी हेच उत्तर येतं. इथली उंच झाडं बहुतांशी डिप्टेरोकार्प कुळातली, मेरांती वगैरे, आणि ती दरवर्षी फळत नाहीत. दोन ते दहा वर्षांतून एकदा, बऱ्याचदा एल निनोच्या कोरड्या काळात, दूरदूरची झाडं एकाच हंगामात फुलतात. मग पंखांच्या बियांचा असा सडा पडतो की डुकरांना आणि किड्यांना तो संपत नाही. उरतात त्या रुजतात. मधल्या वर्षांत मात्र खाणाऱ्यांचे हाल. चेरिल नॉट यांनी पश्चिम कालिमंतानमधल्या गुनुंग पालुंगच्या रानात ओरांगउटानांचं मूत्र तपासलं. फळं आटलेल्या महिन्यांत त्यात कीटोन सापडले, म्हणजे जनावर अंगावरची चरबी जाळून दिवस काढत होतं. साल आणि पानं खाऊन जगणाऱ्या ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांतून एक पिल्लू होतं, यात मग आश्चर्य कसलं? वनस्पतींची कथा तर याहून मासलेवाईक. मुलूच्या डोंगरावरची नेपेंथेस लोवी ही घटपर्णी मोठी झाली की किडे पकडणं जवळजवळ सोडून देते. तिच्या झाकणाला गोड स्राव सुटतो. खारीएवढा ट्री-श्रू तो चाटायला घटावर बसतो आणि तिथेच लेंड्या टाकतो. पानांतला निम्म्याहून अधिक नायट्रोजन या लेंड्यांतून येतो. सोनखताचा इतका नेटका बंदोबस्त आपल्या कुठल्याही नगरपालिकेला जमलेला नाही.

पत्र दुसरं
दानुम खोरं, साबा

ती. आप्पांस, सा. न. वि. वि.

उपाशी जमिनीवर एवढाली झाडं कशी उभी राहतात, हा तुमचा आक्षेप वजनदार आहे. याच खोऱ्यातल्या एका पिवळ्या मेरांतीची उंची १००.८ मीटर भरल्याचं २०१९ साली जाहीर झालं. पण लाकूड मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं. ते हवेतून आणि पाण्यातून मिळतं, आणि त्यांचा इथे तुटवडा नाही. बी भरायला मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. खोड गगनाला भिडतं आणि फळ वर्षानुवर्षं दिसत नाही, या दोन गोष्टींत म्हणूनच विरोध नाही.

दुसरा आक्षेप जातींच्या संख्येचा. लांबिर टेकड्यांवरच्या ५२ हेक्टरांच्या मोजणीत झाडांच्याच सुमारे १२०० जाती भरल्या. ही गरिबी कशी? मला वाटतं, गरिबीत कुणा एकाला सगळ्यांवर मात करता येत नाही. लांबिरलाच वाळूवरची झाडं निराळी, चिकणमातीवरची निराळी. तरी नुसत्या टंचाईने हा आकडा सुटत नाही, हे कबूल. मोठ्या झाडाच्या सावलीत त्याचीच रोपं कीड आणि बुरशीला चटकन बळी पडतात, आणि जागा दुसऱ्या जातीला मिळते.

राहिलं पामतेल. इतकी नापीक जमीन असती तर मैलोगणिक पामच्या बागा उभ्या राहिल्या असत्या का, असं तुम्ही विचारता. राहतात त्या पोत्यांनी ओतलेल्या रासायनिक खतावर. ते तेल जगात सर्वांत जास्त आयात करतो तो आपला देश, तेव्हा आपल्या फरसाणातही या खताचा वाटा आहेच. खताविना काय होतं ते इथल्या इबान लोकांच्या फिरत्या शेतीत दिसतं: रान जाळलं की राखेवर भाताचं एखाददुसरं पीक निघतं, मग ती जागा बरीच वर्षं पडीक ठेवावी लागते. आपल्याकडे कुमरीचं गणित हेच होतं. आणि दोष उष्णतेचा किंवा पावसाचा एकट्याचा नाही, हे शेजारच्या जावावरून कळतं. तिथेही विषुववृत्ताजवळचीच उष्णता आणि भरपूर पाऊस, पण ज्वालामुखी अधूनमधून ताजी राख टाकून माती नवी करतात. म्हणून तिथे चौरस किलोमीटरमागे हजाराहून अधिक माणसं भातावर पोसली जातात. बोर्निओच्या बहुतेक भागाला हे दान मिळालेलं नाही.

पुढचं पत्र किनाबालूच्या पायथ्याहून. आईंना नमस्कार.

आपली,
मंदा