पिशवीची कड

सशाच्या गळवातला पू वाहत नाही. कुत्र्यामांजराच्या गळवाला चीर दिली, पोकळी धुतली, की ती आतून भरत येते आणि जनावर मोकळं होतं. सशाच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरं फार कमी, त्यामुळे तो फडक्यात टांगलेल्या चक्क्यासारखा घट्ट राहतो आणि त्याच्याभोवती जाड, चिवट पिशवी तयार होते. रक्तातून गेलेलं औषध त्या पिशवीच्या भिंतीपाशी थांबतं. हे सशांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तरी दोनतीनदा फोडून पिळलेलं गळू घेऊन लोक माझ्याकडे येतच राहतात.

फोडणाऱ्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. पिळल्यावर गाठ लहान दिसते, मालक समाधानाने घरी जातो, आणि पिशवी पुन्हा भरते. पण खरं नुकसान वेगळंच असतं. प्रत्येक चिरेनंतर पिशवी आणि भोवतालचा स्नायू एकमेकांना चिकटतात. त्या दोहोंमधली जी सैल, पांढुरकी जागा कात्रीला वाट देते, ती बुजून जाते. वर कुणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलेलं असेल तर मला बोलणंच सुचत नाही. पोटातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतात, आणि गळू घेऊन वर्षभर जगू शकणारा ससा जुलाबाने काही दिवसांत जातो. पेनिसिलिन हे आमचं फार चांगलं हत्यार आहे, पण ते कातडीखाली टोचायचं. तोंडातून कधीही नाही.

माझी पद्धत कायम एकच: पिशवी न फोडता, अखंड बाहेर काढायची. पाठीवरची, पायावरची, मानेजवळची गळवं मी अशी काढत आलो. कात्रीची बोथट टोकं आत घालून उघडायची, बोटाने चाचपायचं, रक्तवाहिनी दिसली की बांधायची, घाई करायची नाही. हे काम मला चांगलं येतं. इतर डॉक्टर आपले ससे माझ्याकडे पाठवतात ते याचसाठी, आणि मला ते आवडतं. काढलेल्या पिशव्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी ठेवलेत असं मी सांगतो, पण एकटा असताना मीही ते काढून पाहतो. अख्खी पिशवी ट्रेमध्ये ठेवताना मला जो आनंद होतो, त्यात सशाचा वाटा किती आणि माझा किती, हे मी कधी तपासलं नाही.

पण जबड्याचं गळू या पद्धतीला दाद देत नाही. इतकी वर्षं मी त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

सशाच्या २८ दातांपैकी २२ दाढा, आणि सगळ्याच जन्मभर वाढणाऱ्या. गवत आडवं चावत राहिलं तर त्या झिजतात. गाजर, बिस्किटं आणि रंगीत दाणे खाणाऱ्या सशाचा जबडा आडवा फिरतच नाही. दाढा उंच होतात, वरच्या आणि खालच्या एकमेकींना रेटतात, आणि मग मुळं उलटी हाडात शिरू लागतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती टेंगळं लागतात. पू त्यानंतर कधीतरी होतो. आपल्याकडे फुलवाल्याकडे रोज दूर्वा मिळतात, मोकळ्या जागेत हरळी माजलेली असते, आणि घरातला ससा मारी बिस्किटावर वाढतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर या गळवाची पिशवी तीन बाजूंनी सुटते आणि चौथ्या बाजूला जबड्याच्या भोकात उतरते. तिथे तिला कड नाही. आत मऊ पडलेलं, पुवाने भरलेलं हाड, त्यात सडलेल्या दाढेचं मूळ. दाढ काढावी लागतेच. मुळाशी असलेलं वाढीचं पेशीजाल राहून गेलं तर तिथून वेडावाकडा दात पुन्हा उगवतो. मग हाड खरवडायचं, निरोगी हाडातून रक्त येईपर्यंत. पण दीड किलोच्या सशाचा जबडा असतो केवढा! थोडं जास्त खरवडलं तर तो मोडतो, थोडं कमी खरवडलं तर पुवाचा कण मागे राहतो. कुठे थांबायचं हे एक्स-रे सांगत नाही. सीटी स्कॅन बरंच सांगतो, पण तोही ऑपरेशनच्या आधीचं. प्रत्यक्ष त्या क्षणी सांगतो तो हात. कुजक्या हाडात खुरपी मऊ जाते, चांगल्या हाडावर आली की बारीक खरखर बोटांत येते. माझा सगळा भरवसा त्या खरखरीवर होता.

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. हत्यार धरता येतं, टाके घालता येतात, पण घट्ट धरावं लागतं, आणि घट्ट धरलेल्या हातात ती खरखर येत नाही. भिंगाच्या चष्म्याने डोळ्यांचं भागतं. बोटांना तसा चष्मा नाही.

माझ्यासोबत आता एक तरुण डॉक्टर मुलगी काम करते. आमचं दोघांचं कॉलेज एकच, परळचं, १८८६ सालचं. माझ्या वेळी ससा आम्हाला भेटला तो प्रयोगशाळेत, नाहीतर लोकरीच्या आणि मांसाच्या हिशोबात. ती सशांसाठीच या पेशात आली. ती पिशवीशी भांडत नाही. पिशवी उघडते, चक्का काढते, दाढ काढते, हाड साफ करते, आणि पिशवीची कड कातडीला शिवून हनुवटीखाली खिडकी उघडीच ठेवते. मग मालकाच्या हातात सिरिंज आणि सलाईन. रोज धुवायचं, सांगितल्याप्रमाणे गॉज भरायचं, जखम तळापासून वर येईपर्यंत. कधी त्यासाठी कित्येक आठवडे जातात.

मला हे बघवत नव्हतं. उघडी जखम घेऊन जनावर घरी पाठवायचं म्हणजे काम अर्धं सोडायचं, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "सर, आत काय राहिलंय ते आपल्याला कळत नाही. दार बंद का करायचं मग?" मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ नव्हतं.

डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यांच्या सशाची जखम अशी सांभाळली. सुरुवातीला त्यांचे हात थरथरत. ससा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, कारण ससा नाकानेच श्वास घेतो, हे सगळं त्या वहीत लिहून घ्यायच्या. खाणं थांबलं की सशाचं आतडं थांबतं, म्हणून लेंड्या किती आणि केवढ्या तेही लिहायच्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला: "डॉक्टर, आज तळाशी लाल दाणेदार दिसतंय, पण मागच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे. तो धुऊन जात नाही." बोलावून घेतलं, पाहिलं. ठिपका होता, आणि त्याखाली पू. बाई रोज त्या खिडकीतून आत बघत होत्या म्हणून तो सापडला. मी टाके घालून बंद केलं असतं तर तो महिनाभराने नवीन गाठ होऊनच दिसला असता. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी आपलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखंही वाटलं. शेवट करणारा मी असावा, ही माझी हौस फार जुनी आहे.

खालच्या जबड्याचे ससे आता तीच करते. मी भूल बघतो. सशाची भूल हे स्वतंत्र, अवघड काम आहे, आणि त्याला अंगठा कमी लागतो.

वरच्या जबड्याबाबत मात्र आमचं जमत नाही. तिथली मुळं डोळ्याच्या खोबणीखाली असतात. पू डोळ्यामागे साचतो आणि डोळा पुढे येतो. तिथे पिशवी अखंड काढणं शक्य नाही आणि खिडकी ठेवायला डोळ्याखेरीज जागा नाही. तिचं म्हणणं, डोळा काढावा, खोबण उघडी ठेवून धुवावी, एका डोळ्याने ससा छान जगतो. ते खरं आहे. पण सशाच्या डोळ्यामागे शिरांचं मोठं रक्ताशय असतं. ते फाटलं तर छोट्या जनावराला परवडणार नाही इतकं रक्त काही मिनिटांत जातं. मी म्हणतो, आधी तोंडातून दाढ काढू, पेनिसिलिन टोचू, वाट बघू. ती म्हणते, वाट बघताना पू पसरतो आणि ससा दुखणं अंगावर काढतो. दात करकरा वाजेपर्यंत तो ते दाखवतही नाही. पुढच्या आठवड्यात असाच एक ससा येतो आहे. त्याचा सीटी आम्ही दोघांनी दोनदा पाहिला. तिने डोळा काढायची तयारी मांडून ठेवली आहे. मी अजून दाढेवरच अडून आहे.